परत विचारेल की

जपानात आमच्या हिगाशी-कसाईत नदी बघायची तर जिना चढावा लागतो. गल्लीच्या टोकाला माझ्या दुप्पट उंचीची काँक्रीटची भिंत आहे आणि तिला पायऱ्या आहेत. वर जाऊन उभं राहिलं की पलीकडे नदी आणि अलीकडे आपला रस्ता. भरतीची वेळ असेल तर सरळ दिसतं की पाणी वर आहे आणि रस्ता खाली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याची गंमत वाटायची, माहेरी फोनवर रंगवून सांगायचे. मार्चच्या त्या भूकंपानंतर गंमत संपली. भूकंपात आमचं फार काही गेलं नाही. दोन कपाटं पडली, देवाचा फोटो फुटला, एवढंच. पण नंतरचे तीन दिवस टीव्हीवर उत्तरेकडच्या गावांत शिरणारं त्सुनामीचं पाणी पाहिलं आणि त्यानंतर मी त्या पायऱ्या चढणंच सोडलं. भाजी आणायला जाताना लांबचा रस्ता धरायचे. नवरा म्हणायचा, तू बघितली नाहीस म्हणून नदी कुठे जाणार आहे का. तो दिवसभर तोयोसुला ऑफिसात विसाव्या मजल्यावर बसतो, त्याला काय जातंय बोलायला.

आई आमच्याकडे आली ती भूकंपानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात. सत्तरी उलटलेली, आणि आदल्याच वर्षी हृदयात स्टेंट टाकलेला. दादाने तिला विमानात बसवताना सोबत रिपोर्टांची जाडजूड फाइल दिली आणि मला फोनवर यादी ऐकवली. गोळ्या वेळेवर, जड काही उचलू द्यायचं नाही, आणि थंडीत बाहेर काढायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय, म्हणाला, थंडी तिच्या हृदयाला झेपायची नाही, आईला तुझ्या हवाली करतोय. जशी काही ती माझी कोणी नव्हतीच. मी चिडले, पण यादी लिहून घेतली आणि फ्रिजवर लावली.

पहिले दहा दिवस आई घरात रमली. मग तिला घर खायला उठलं. टीव्हीतलं कळत नाही, नात शाळेतून येते ती जपानीत बडबडते आणि मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. कचरा वेगळा करायचं शास्त्र आईने दोन दिवसांत पाठ केलं आणि मग मलाच शिकवायला लागली, की हे झाकण प्लास्टिकमध्ये आणि बाटली वेगळ्या पिशवीत, एवढी वर्षं काय करत होतीस. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात ती स्वेटर चढवून खाली उतरली आणि थेट भिंतीच्या पायऱ्या चढून नदीवर गेली. माझा जीव घाबरा झाला. धावत गेले तर ही बाई एका म्हाताऱ्याच्या बादलीत डोकं घालून उभी. त्याला मराठी येत नाही, हिला जपानी येत नाही, पण दोघांचं छान चाललं होतं.

बादलीत वीतभर लांबीचे, मोठ्या डोक्याचे, मातकट रंगाचे मासे होते. इथे त्यांना हाझे म्हणतात. आईचं माहेर रेवदंड्याच्या खाडीकाठचं, तिला ओळख पटायला क्षण लागला नाही. हे आपल्या निवट्यांचे चुलतभाऊ आहेत, म्हणाली, कढीत काय लागतील. तो म्हातारा म्हणजे नदीवर वल्ह्याच्या होड्या भाड्याने देणारा माणूस. काठावर त्याची पत्र्याची खोली, धक्क्याला बांधलेल्या आठ-दहा होड्या, आणि त्या ओढून न्यायला एक मोटरबोट. थंडीत हाझे उथळ सोडून खोलात जातो, काठावरून गळाला लागत नाही, म्हणून लोक सकाळी होडीतून मधे जातात. हे त्याने मला सांगितलं आणि मी मूर्खासारखं आईला सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस आईने माझं डोकं खाल्लं. तिला बाजारातला मासा नको होता, स्वतः धरलेला हवा होता. मी थंडी सांगितली, स्टेंट सांगितला, दादाची यादी दाखवली. ती म्हणाली, मी काय पोहायला जातेय का, बसायचंच तर आहे. खरं कारण मला सांगता येईना. मला पाण्याची भीती वाटत होती. चाळिशीला आलेली बाई, सत्तरीच्या आईला कशी सांगणार की मला भिंतीपलीकडे जायला भीती वाटते? शिवाय भूकंपानंतर महिनाभर मी तिला फोनवर रोज सांगत होते, आम्ही मजेत आहोत, इथे काहीसुद्धा झालेलं नाही. ते खोटं मला अजून निभवायचं होतं. शेवटी एक ऊन पडलेला, वारा नसलेला दिवस बघून मी हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलं नाही. मुलीला शाळेत सोडलं, आईला दोन थर्मल, साडी, स्वेटर, माझं जॅकेट आणि वर शाल असं गुंडाळलं आणि साडेआठला आम्ही धक्क्यावर हजर झालो.

म्हाताऱ्याने आम्हाला नारिंगी लाइफजॅकेट घातली, पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि नियम सांगितले. पाण्यात बांबू रोवलेले आहेत, त्यांच्या पलीकडे जायचं नाही, तिथे खोल पाणी आहे आणि मोटरबोटी जातात. होडीत उभं राहायचं नाही. नांगर टाकून दिल्या जागी बसायचं. दोन वाजता मी ओढून आणायला येईन, मधेमधे फेरी मारेन. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मग त्याने पाच होड्या एकामागे एक दोरीने बांधल्या आणि मोटरबोटीने ओढत नेल्या. बाकी चार होड्यांत त्याच्याच वयाची माणसं होती, एकेकटी, गप्प. मी होडीच्या कडा अशा घट्ट धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. आई मात्र लग्नाच्या वरातीत बसल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

खोटं कशाला बोलू, पहिला तास छान गेला. गळाला लावायचे किडे मला हातात धरवेनात, आईने मुठीत घेऊन पटापट तुकडे केले. तिला पहिला मासा लागला तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आलं. सात की आठ मासे झाले आणि मग लागेनासे झाले. आईने पाण्याकडे बघितलं आणि ओहोटी लागल्याचं जाहीर केलं. म्हणाली, ओहोटीला मासा उताराच्या कडेला जमतो, तो बांबू दिसतोय ना, तिथे चल. मी म्हटलं, दिल्या जागी बसायचं सांगितलंय. ती म्हणाली, खाडीचं मला कोण शिकवणार. मी नांगर उचलला आणि वल्ही मारत होडी बांबूंपर्यंत नेली. तिथे खरंच मासे होते. आणि तिथे पाण्याखाली चिखलाचा उंचवटा होता, तो मला माहीत नव्हता. आईच्या खाडीला मोटरबोटी नव्हत्या, तेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

साडेदहाच्या सुमारास म्हातारा फेरीवर आला. वारा सुटणार आहे असं दिसतंय, म्हणाला, बाकीचे परत निघालेत, तुम्हालाही आत्ताच नेऊ का. बाकीच्या चार होड्या त्याच्यामागे बांधलेल्याच होत्या. एक दोरी आमच्याकडे फेकायची, एवढंच काम. आईने विचारलं काय म्हणतोय. मी सांगितलं. आई म्हणाली, एवढ्यात कुठे, नको म्हणावं. मी नको म्हटलं, त्याने मान तुकवली आणि तो गेला.

आता इथे मला आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. ठाण्याला आम्ही लहान असताना कोणाकडे गेलो आणि त्यांनी लाडू पुढे केला तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग हात पुढे. पहिल्याच बोलावण्याला हो म्हटलं तर आई तिथे काही बोलायची नाही, हसत हसत मांडीला असा चिमटा काढायची की घरी पोचेपर्यंत जळजळायचं. हावरट म्हणतील, म्हणायची. आणि आमच्याकडे कोणी आलं तर हीच बाई तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आग्रह करून समोरच्याला बेजार करायची. खरंच नको असलेला कोण आणि संकोचाने नको म्हणणारा कोण, हे ओळखायचं काम वाढणाऱ्याचं, खाणाऱ्याचं नव्हे, असा सगळा हिशेब.

जपानात हे चालत नाही हे मला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी शेजारीण दारात पर्सिमन नावाच्या फळांची पेटी घेऊन आली होती. मी म्हटलं, छे छे, कशाला. ती बरं म्हणाली आणि पेटी घेऊन परत गेली. मी दाराआड उभी राहून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते. इथे एकदा नको म्हटलं की समोरचा मान राखतो, विषय संपतो. हे मी इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला शहाणपणाने सांगत आले आहे. पण आई समोर बसली होती. आईसमोर माझं सगळं शहाणपण दहा वर्षांचं होतं.

पाऊण तासाने वारा आला. ऊन होतं तसंच राहिलं आणि त्याची ऊब तेवढी गेली. मी वल्हं पाण्यात घातलं तर ते वीतभरावर टेकलं. पुन्हा दुसरीकडे घातलं, तिथेही टेकलं. होडी हलत नव्हती. भोवतालचं पाणी बघता बघता तपकिरी झालं होतं आणि हातभर अंतरावर चिखल उघडा पडून चकाकत होता. आईला काही न दाखवता मी वल्ह्याने जोर लावला, वल्हं चिखलात रुतलं, होडी तसूभर सरकली नाही. तेवढ्यात म्हाताऱ्याची मोटरबोट दिसली. त्याला आमच्यापर्यंत येता येईना, पाणीच नव्हतं. तो बांबूंपलीकडच्या खोल पाण्यात इंजिन हळू करून उभा राहिला आणि ओरडून म्हणाला की पाणी अजून उतरेल, वारा वाढेल, भरती सुरू व्हायला वेळ आहे. दोरी टाकून ओढू का, की थांबता? ठीक आहात ना?

मला हो म्हणायचं होतं. आजही देवाशपथ सांगते, मला हो म्हणायचं होतं. पण मी आधी आईकडे बघितलं. आई खाली बघत होती. मी तिला म्हटलं, आई, तो न्यायला आलाय, जाऊया ना. ती मान वर न करता म्हणाली, "कशाला त्याला चिखलात उतरवतेस. परत विचारेल की."

आणि मी उठून, चिखलात रुतलेल्या होडीत, कमरेतून वाकून त्या माणसाला सांगितलं, दाइजोबु देसु. आम्ही ठीक आहोत. त्याने क्षणभर आमच्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं, आता विचारेल. तिसऱ्यांदा विचारेल आणि मी हो म्हणेन. त्याने टोपीला हात लावला, इंजिन वाढवलं आणि गेला.

त्यानंतर काय झालं ते नीट क्रमाने आठवत नाही, पण जे आठवतं ते फार स्पष्ट आठवतं. वारा वाढला म्हणून समुद्राकडे गेलेल्या हौशी लोकांच्या मोटरबोटी परत यायला लागल्या. मोठ्या, पांढऱ्या, काचा लावलेल्या. पाणी उतरल्यामुळे खोल वाट अरुंद झाली होती, त्यामुळे त्या आमच्या अगदी जवळून जात होत्या. पहिली गेली तेव्हा तिची लाट आमच्या होडीवर येऊन आपटली. होडी तरंगत असती तर लाटेबरोबर वर उचलली गेली असती. ती चिखलात बसलेली, उचलणार कशी. पाणी सरळ आत आलं. माझी पावलं भिजली. मी बादलीतले मासे फेकून देऊन त्याच बादलीने पाणी उपसायला लागले. दुसरी बोट आली. मी दोन्ही हात वर करून हलवले. त्या बोटीवरच्या लोकांनी हसून हात हलवले आणि ते गेले. तिची लाट आईच्या मांडीवर फुटली.

साडी पाणी पिते. नऊ वार नसली तरी पिते. आई कमरेपर्यंत भिजली आणि ते बर्फासारखं पाणी तिच्या अंगाला चिकटून बसलं. माझी पर्स पाण्यात तरंगत होती, मोबाइल बंद पडला होता. मी उपसत होते आणि मला एकच दिसत होतं, फ्रिजवरचा माझ्या हातचा कागद. थंडीत बाहेर काढायचं नाही. मी म्हटलं, आई, हातपाय हलवत राहा, बोलत राहा. ती बोलली, तू आधी नीट बस, पडशील. दातांवर दात वाजत होते तिचे.

मग मी दुसरा मूर्खपणा केला. होडी ढकलावी म्हणून खाली उतरले. पाय घोट्यापर्यंत जाईल असं वाटलं होतं, तो मांडीपर्यंत गेला. दुसरा पाय टेकवला, तोही गेला. एक बूट खाली कुठेतरी राहिला. मी होडीच्या कडेला दोन्ही हातांनी लटकले आणि वर येता येईना. चिखल पायांना धरून ठेवतो, खरंच धरून ठेवतो, आणि तुम्ही जितकी ओढाताण कराल तितका जास्त. मला भूकंपानंतर टीव्हीवर पाहिलेलं पाणी दिसायला लागलं. इथे कोणी आपल्याला बघत नाहीये, असं वाटलं, भिंतीच्या आत हजारो माणसं आहेत, कपडे वाळत घालतायत, शाळेत माझी मुलगी बसलीय, आणि भिंतीच्या बाहेर आम्ही दोघीच आहोत.

आई म्हणाली, मला जरा झोप येतेय.

तिचे दात वाजायचे थांबले होते. मी बघितलं, तिचे ओठ जांभळ्याच्या पलीकडे गेले होते आणि ती कुडकुडत नव्हती. मी ओरडले. आणि लाज वाटते सांगायला, माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो सुमिमासेन. माफ करा. आई मरतेय आणि मी नदीला म्हणतेय, माफ करा हं, जरा त्रास देते. मग दुसरा शब्द सापडला, तासुकेते, वाचवा. मुलीच्या शाळेतल्या भूकंपाच्या सरावात आम्ही आया तो हळूच, एकमेकींकडे बघून हसत म्हणालो होतो. तो मी आता फुफ्फुसं फाटेपर्यंत ओरडले. मग आईला हाका मारल्या, मग मराठीत ओरडले, मग शब्द नव्हतेच, नुसता आवाज. इतकी वर्षं या देशात मी फोनवरसुद्धा तोंडाला हात लावून बोलत आले होते. माझ्यात एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हातारा धक्क्यावर होड्या बांधत होता. त्याने तो ऐकला.

तो मोटरबोट खोल पाण्याच्या कडेला लावून उतरला. छातीपर्यंत रबरी कपडे घातलेले, मागे एक रिकामी होडी दोरीने ओढत, चिखलावरून तो गुडघ्यांवर रांगत आला. उभा राहिला असता तर तोही रुतला असता, हे त्याला ठाऊक होतं. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. माझ्या बगलेत हात घालून मला उपटून काढलं, त्या होडीत टाकलं. मग आईचे दोन्ही हात स्वतःच्या गळ्याभोवती घेतले आणि तिला पाठीवर घेतलं. परक्या पुरुषाच्या हाताला हात न लागू देणारी माझी आई त्याच्या मानेवर डोकं टाकून निपचित पडली होती. तिच्या साडीतून पाणी निथळत होतं. तिलाही त्याने त्या होडीत ठेवलं आणि होडी चिखलावरून ढकलत मोटरबोटीपर्यंत नेली. मोटरबोट काठाला लागेपर्यंत मी तिचे गाल चोळत होते आणि तोंडाने नुसतं आई, आई. म्हातारा एकदाच बोलला, तोही पुढे बघत. "मी दोनदा विचारलं होतं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्याच्या पत्र्याच्या खोलीत रॉकेलची शेगडी पेटलेली होती. तो पाठ करून उभा राहिला, मी आईची ओली साडी सोडली आणि त्याच्या कोरड्या ब्लँकेटमध्ये तिला गुंडाळलं. थोड्या वेळाने आई पुन्हा कुडकुडायला लागली आणि त्या कुडकुडण्याने मला रडू फुटलं. म्हाताऱ्याने विचारलं, अँब्युलन्स बोलवू का. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, हो म्हटलं. आईला अँब्युलन्स हा शब्द कळला. शेगडीशी बसलेली ती म्हणते, काही नको, मी बरी आहे, घरी चल, कढत पाणी घेते अंगावर. मी तिच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले. ती दचकली.

आई वाचली, हे आत्ताच सांगून टाकते, कोणाला उगाच टांगून ठेवायचं नाही. नऊ दिवस हॉस्पिटलात होती, दुसरा स्टेंट पडला, दादा धावत आला, मला जे बोलायचं ते बोलला, आणि महिन्याभराने तिला घेऊन गेला. पण माझी भीती तिच्याबरोबर गेली नाही. ती अजून इथेच आहे, आणि ती आता पाण्याची नाही.

तर त्या दिवशी आलेला अँब्युलन्सवाला माणूस तरुण होता, हळू आणि स्पष्ट बोलणारा. आईला स्ट्रेचरवर घेऊन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून त्याने मला सांगितलं, यांना विचारा, छातीत दुखतंय का.

मी विचारलं. आई म्हणाली, नाही.

त्याने ते लिहून घेतलं. लिहिताना त्याचा हात मला दिसत होता. मी म्हटलं, थांबा. आईच्या तोंडाशी वाकून परत विचारलं, आई, छातीत दुखतंय? ती म्हणाली, सांगितलं ना एकदा, नाही म्हणून, आता त्या मुलाला कशाला दमवतेस.

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिसऱ्यांदा विचारलं.

आईचे डोळे भरले. "दुखतंय गं," म्हणाली. "डावा हात पण."

मी ते त्याला सांगितलं. त्याने पेन ठेवलं, दुसऱ्याला काहीतरी भराभर सांगितलं, ऑक्सिजनचा मास्क काढला, आणि हात चालू असतानाच विचारलं, केव्हापासून? वेळ महत्त्वाची आहे, नक्की केव्हापासून?

म्हातारा अँब्युलन्सच्या उघड्या दाराशी उभा होता, अंगभर चिखल, हातात आईच्या चपला. मी आईला विचारलं. तिने मास्कखालून सांगितलं की तो दुसऱ्यांदा आला ना, दोरी टाकू का म्हणाला, त्याच्या आधीपासून.

हे मला जपानीत सांगावं लागलं. मोठ्याने, स्पष्ट, वेळेसकट. म्हाताऱ्याने ते ऐकलं. त्याने आईच्या चपला आत, तिच्या पायांशी ठेवल्या, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि दार बंद होईपर्यंत आमच्यापुढे वाकून उभा राहिला, जणू चूक त्याचीच होती.